रंभाबाईंची तीन पातेली

मुरबाडच्या बी.एड. कॉलेजात मी मराठीची अध्यापन पद्धती शिकवायचो आणि रंभा वेखंडे विज्ञानाची. आमच्या वर्गांमध्ये एक पातळ भिंत होती. माझ्या बाजूला पाठाचं टाचण, प्रस्तावना, फलकलेखन असा सोज्वळ कारभार. पलीकडून रॉकेलच्या स्टोव्हची घरघर, भांडं पडल्याचा आवाज आणि बाईंचं पालुपद, "परत कर." हे इतक्या वेळा कानावर यायचं की माझे विद्यार्थीसुद्धा एकमेकांचं शुद्धलेखन तपासताना "परत कर" म्हणायला लागले. मी वैतागायचो. विज्ञान शिकवायला माणूस इतका तापट कशाला लागतो, हे मला कळत नसे.

बाई खर्डीजवळच्या शेतकरी घरातल्या. कल्याणला बी.एस्सी. करून त्या शहापूरकडच्या एका शाळेत लागल्या. तिथे दरवर्षी फळ्यावर डीएनएची पिळदार शिडी काढायच्या, रंगीत खडूंनी, अगदी सुरेख. शहाण्णव साली एका मुलीने उठून विचारलं, "बाई, तुमी खरा बघितलाव काय ह्यो?" बाई म्हणाल्या, नाही. "मग तुमाला कसा म्हाईत?" वर्ग खो खो हसला. पोरगी चेष्टा करत नव्हती, खरंच विचारत होती, आणि म्हणूनच बाईंना ते जास्त लागलं. त्या मे महिन्यात त्या मुंबईच्या एका संशोधन संस्थेत शिक्षकांच्या शिबिराला गेल्या आणि पुढे प्रत्येक सुट्टी तिथेच काढू लागल्या. पहिल्या वर्षी नळ्या धुतल्या. मग हळूहळू हातात खरं काम मिळालं.

आमच्या कॉलेजात आल्या तेव्हा त्यांचा निश्चय झालेला होता. ज्यांना उद्या शिक्षक व्हायचंय, त्यांना वर्षात एक तरी प्रश्न असा द्यायचा ज्याचं उत्तर पुस्तकात नाही आणि खुद्द बाईंनाही ठाऊक नाही. आमच्याकडे येणाऱ्या पोरापोरींना हे झेपायचं नाही. त्यांनी शाळा-कॉलेजात सगळे प्रयोग एकाच पद्धतीने केलेले असायचे: आधी उत्तर बघायचं, मग त्याला शोभेल असं निरीक्षण लिहायचं. ह्याला 'ॲडजस्ट करणं' म्हणतात. त्यात लबाडी आहे असं कुणालाच वाटत नाही, शिक्षकांना तर मुळीच नाही. बाई ह्या एका शब्दावर जीव खाऊन चिडत.

त्यांचं साहित्य बघून मात्र मला हसू यायचं. डीएनएचा एक नेमका तुकडा डोळ्यांना दिसेल इतका वाढवायचा असेल, तर त्याची नळी आलटून पालटून तीन वेगवेगळ्या उष्णतेत धरावी लागते. मोठ्या संस्थांत त्याला यंत्र असतं. बाईंकडे तीन स्टोव्हवर तीन पातेली होती. एकात पाणी उकळीच्या जरा खाली, दुसऱ्यात कोमट म्हणावं त्याहून गरम, तिसऱ्यात चटका बसेल असं. नळ्या भज्यांच्या झाऱ्यात ठेवून एका पातेल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि परत पहिल्यात. अशा तीस फेऱ्या. एका फेरीला कुणी गप्पांत रमला की दुपार फुकट. ह्या कामाला लागणारं विकर, म्हणजे तो तुकडा वाढवणारा पदार्थ, मुंबईहून बर्फात यायचं आणि बाजारपेठेतल्या कुल्फीवाल्याच्या फ्रीझरमध्ये राहायचं. कुल्फीवाल्याने त्या चिमुकल्या नळीवर स्वतःच्या हाताने 'खाऊ नये' असं लिहिलं होतं.

दोन हजार पाचच्या जानेवारीत पूजा भिंतीच्या ह्या बाजूला आली. पूजा बाईंची विद्यार्थिनी, शहापूरच्या वाटेवरच्या एका वाडीतली. घरून रोज एसटीने यायची. मला म्हणाली, "सर, बाईंशी बोलायचंय. तुमी पण या ना." एकटीने जायची तिला भीती वाटत होती, हे मला नंतर कळलं.

गोष्ट तिच्या वडिलांची होती. त्यांचं नाव देवजी. त्यांच्या घरात आजोबांच्याही आधीपासून एक जुनं भात चालत आलेलं. उंच वाढणारं, उशिरा पिकणारं, वासाचं. वाडीतल्या कुणाचं बी कमी पडलं की देवजींच्या कणगीतून मिळायचं. कणगी म्हणजे बांबूची शेणाने लिंपलेली कोठी. हे बी विकायचं नाही, पिकल्यावर परत आणून घालायचं, असा रिवाज. मागच्या पावसाळ्यात आठ घरांनी बी नेलं आणि आठही घरांची शेतं वेडीवाकडी आली. निम्मी रोपं लवकर लोंबीवर आली, लवकर पिकली, आणि बाकीची तयार होईतो त्यांचे बरेचसे दाणे मातीत झडून गेले. देवजींचं स्वतःचं शेत मात्र एकसारखं डोललं.

लोक बोलू लागले, देवजीने दुकानातलं स्वस्त बी मिसळून गावाला दिलं आणि चांगलं स्वतःला ठेवलं. देवजी म्हणत होते, बी एकच, तुमच्या खाचरांत पाणी तुंबलं, त्याला मी काय करू. ह्यावरून इतकं तुटलं की त्या वर्षी बी परत घालायला कुणीच आलं नाही, आणि जैतू नावाचा त्यांचा शेजारी, जो दिवसातून दोनदा चहाला यायचा, तो बांधावरून तोंड फिरवून जाऊ लागला. अक्षय तृतीया हा कणगीची पूजा करून बी काढायचा दिवस. त्या दिवशी वाडी जमणार होती आणि देवजींच्या हातून बी घ्यायचं की कायमचं बंद करायचं, ते ठरणार होतं.

"बाबा जेवत नाय नीट," पूजा म्हणाली. "बाई, डीएनएवरना कळेल ना, बी येक जातीचं हाय का दोन?"

बाईंनी स्टोव्ह बंद केला. "कळेल. पण तुला काय पाहिजे ते येईल असं नाय. जे येईल ते वाडीत सांगायला लागेल. चालेल?"

"चालेल."

"बाबांना इचारून ये."

दुसऱ्या दिवशी पूजा आली ती वडिलांचा निरोप घेऊन. देवजींनी सांगितलं होतं, "कर. माझा बी येकच हाय." मला विज्ञान कळत नाही, पण माणसाने असं निःशंक राहिलं की मला भीती वाटते.

पूजाने आठही घरांतून मूठ मूठ भात आणलं, आपल्या घरचंही आणलं. पण ते रुजवायचं काम बाईंनी तिला दिलं नाही. ते मला दिलं. "सर, तुमाला ह्यातलं काय कळत नाय, म्हणून तुमीच पाहिजे," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी ते कौतुक म्हणून घेतलं. कुठल्या कुंडीत कुणाच्या घरचं भात, ते फक्त मला माहीत. कुंड्यांवर मी क, ख, ग अशी अक्षरं घातली. वर बाईंच्या सांगण्यावरून मी शहापूरच्या दुकानातून बियाण्याची पिशवी आणली, तेच बी जे आमच्या भागात सगळेच थोडंफार लावतात, आणि ते ट आणि ठ ह्या दोन कुंड्यांत पेरलं. ही गोष्ट बाई आणि मी सोडून कुणालाच ठाऊक नव्हती.

एप्रिलच्या मध्याला रोपं वीतभर झाली आणि विद्यार्थ्यांनी पानं कापून पहिला प्रयोग लावला. गटाचा म्होरक्या आदेश. वाशिंदचा, हुशार, बोलका, दिलदार पोरगा. पूजाच्या घरी तो दोनदा जेवून आला होता आणि देवजींना 'काका' म्हणायचा. पातेल्यांच्या फेऱ्या संपल्यावर नळ्यांतलं पाणी चायना ग्रासच्या वडीसारख्या एका पारदर्शक लादीत सोडलं, तिला बॅटरीचे सेल जोडून वीज दिली आणि निळ्या रंगात बुडवलं. लादी धुवत गेलं की निळ्या रेघा उमटतात. घरच्या जुन्या भाताची रेघ वर, दुकानातल्या भाताची खाली.

सगळ्या रेघा वर आल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पट्टीने आखल्यासारख्या एका ओळीत.

वर्गात जल्लोष झाला. पूजा रडायलाच लागली. आदेश म्हणाला, "बघ, मी सांगितलेलं ना, काकांचा बी येकच!" मीही खूश झालो होतो. लादी उजेडाकडे धरून बाईंनी मला विचारलं, "सर, ट आणि ठ मधी काय होतं?"

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. मग आलं. "दुकानातलं," मी म्हणालो.

ज्या दोन रेघा खाली यायलाच हव्यात, त्याही वर होत्या. पूजाला सगळ्यात आधी उमगलं. ती आदेशकडे बघत राहिली. आदेशची मान खाली गेली. त्याने सगळ्या नळ्यांत एकाच रोपाचं पान घातलं होतं. आधी त्याने गुपचूप एक खेप करून पाहिली होती आणि त्या लादीवर वर-खाली रेघा आलेल्या बघून तो घाबरला होता. कुठलं रोप घरच्या जातीचं आहे तेही त्याला त्यातच कळलं होतं. मग त्याने काकांसाठी ॲडजस्ट केलं.

मला वाटलं आता बाई कॉलेज डोक्यावर घेणार. त्या स्टुलावर बसल्या. इतकंच म्हणाल्या, "आदेश, तू उद्या पोरांना शिकवणार. तुझ्या वर्गात कुणी खोटं उत्तर आणलं तर तुला ओळखू यायला पाहिजे म्हणून मी ह्या दोन कुंड्या ठेवल्या होत्या. तुझ्यासाठी नव्हत्या ठेवल्या." आदेशला मारलं असतं तर बरं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. मला त्याची कीव आली आणि चीडही आली.

"परत कर," बाई म्हणाल्या. पण ह्या वेळी पूजाला.

विकर एकाच खेपेपुरतं उरलं होतं. मुंबईहून दुसरं यायला जून उजाडला असता, आणि अक्षय तृतीया तोंडावर आलेली. त्या उन्हाळ्यात भारनियमन असं की वीज कधी आहे हे विचारायचं, कधी नाही ते नाही. कुल्फीवाल्याचा फ्रीझर बंद पडला की तो बिचारा ती नळी बर्फाच्या लादीखाली खुपसून ठेवायचा. ते अजून जिवंत आहे की मेलं, हे वापरल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

पूजाने पानं स्वतः कापली, एक एक, अक्षर मोठ्याने वाचत. झारा तिच्याच हातात. बाईंनी मला घड्याळ दिलं आणि वेळ पुकारायला बसवलं. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, तीन स्टोव्ह पेटलेले. माझ्या "उचल" वर झारा उठायचा, पाणी निथळायचं, पुढच्या पातेल्यात जायचा. मधेच एका स्टोव्हची ज्योत बसली आणि पातेल्यातला पारा उतरू लागला. आदेश दाराशी उभा होता, त्याला कुणी आत बोलावलं नव्हतं. तो धावत येऊन गुडघ्यावर बसला आणि पंप मारू लागला. पूजाने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण हटकलंही नाही. शेवटपर्यंत तो तिथेच बसून होता. त्याच्या कपाळावरचा घाम पातेल्यात पडू नये म्हणून बाईंनी स्वतःच्या पदराने पुसला.

पूजाने लादी धुतली. रेघा आल्या. विकर जिवंत होतं. ट आणि ठ खाली, बरोबर. मी एक एक अक्षर घेऊन घर सांगू लागलो. जैतूच्या घरचं, एक रोप वर, एक खाली. पुढचं घर, तसंच. त्याच्या पुढचं, तसंच. आठही घरांत दोन्ही जाती. शेवटी राहिलं देवजींचं. त्यांच्या सगळ्या रोपांच्या रेघा वर.

जैतू जे म्हणत होता, तंतोतंत तेच. मला पूजाकडे बघवेना.

"म्हणजे बाबांनीच..." तिचा आवाज फुटला.

"थांब," बाई म्हणाल्या. "रेघ काय सांगते तेवढंच बोल. बी दोन जातीचं होतं. कुणी मिसळलं ते ह्या लादीवर दिसतंय का तुला?"

"नाय."

"मग ते बोलू नको. मनात पण नको." मग त्या म्हणाल्या, "तुला जमणार नसलं तर मी येऊन सांगते. त्यात लाज नाय."

पूजा डोळे पुसून म्हणाली, "मीच सांगन. तुमी नुसत्या या."

अक्षय तृतीयेला सकाळी आम्ही तिघं, बाई, आदेश आणि मी, मुरबाड-शहापूर गाडीने वाडीत उतरलो. देवजींच्या अंगणात माणसं जमली होती, पण पाणी कुणी घेतलं नव्हतं. देवजी बारीक चणीचे, शांत. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. पूजाने त्यांना आधी काहीच सांगितलं नव्हतं. सांगायला गेली तर ते म्हणाले होते, "सगल्यांच्या म्होरं सांग. मना येगळा नको." त्यांची आई धोंडूबाई उंबऱ्यात बसली होती.

पूजा उभी राहिली. ती लांबण लावेल, डीएनए समजावत बसेल, असं मला वाटलं होतं. तिने तसं काही केलं नाही.

"आठ घरांच्या भातात दोन जाती हायत. येक आपली जुनी, येक दुकानातली. बाबांच्या शेतात नुसती जुनी."

अंगणात एकदम गलका झाला. जैतू उठून म्हणाला, "ऐकलाव? पोरगीच बोलली." देवजी मुलीकडे बघत राहिले. ते रागावले नव्हते. आधाराला धरलेला खांब हातातून निसटावा तसे ते उभ्या जागी हलले.

पूजाचा आवाज चढला. "माझा संपला नाय. कुणी मिसळला ता रेघ सांगत नाय. मी पन सांगनार नाय. मना म्हाईत नाय. पन येक इचारते. बाबा फसवनारा असता तर परीक्षेला बी दिला असता काय?"

तेवढ्यात उंबऱ्यातून धोंडूबाई बोलली. तिने मुलाला विचारलं, "देवज्या, गावाला बी देतोस ता कनगीतला वरचा का तलाचा?"

"वरचा," देवजी म्हणाले. "आदी गावाला, मंग घराला. बा तसाच द्यायचा."

म्हातारीने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. 

"मीच घातला," ती म्हणाली. "मागल्या साली उंदरांनी कनगी खाल्ली व्हती. हातभर खाली गेलती. पूजेच्या दिवशी कनगी काठोकाठ लागते, अर्धी कनगी घरधनीन पूजत नाय. तू खालच्या रानासाठी दुकानातला बी आनलावतास, ता वर वतून हातानं कालवला. मना वाटला, वरचा आपल्याच रानात जाईल. गावाला कवा नि कुठना देतोस ता मी कशाला बघाया येते? ता बापयांचा काम."

बी द्यायचं काम पुरुषांचं, कणगीची पूजा बायकांची. साठ वर्षं त्या घरात राहून म्हातारीने बी देताना कधी पाहिलं नव्हतं, आणि देवजींनी पूजेआधी कणगीत कधी डोकावलं नव्हतं. खालच्या रानाचं बी कुठे गेलं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा आईने उंदरांवर घातलं, आणि ते निम्मं खरंच होतं.

जैतू खाली बसला. रंभाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या रडत होत्या, आणि आपण रडतोय ह्याचा त्यांना राग येत होता, हे मला स्वच्छ दिसत होतं.

देवजी आत गेले. मापाची पायली घेऊन आले आणि म्हणाले, "जुना बी आता माझ्याच रानचा तेवढा शिल्लक हाय. गोन्या आना." आठ घरांची माणसं एकेक करून उठली. देवजी कणगीतून काढून देत होते आणि पूजा गोणीचं तोंड धरत होती. आदेश गोण्या शिवत होता. जैतू सगळ्यांच्या मागे राहिला होता. त्याची गोणी भरताना पायली कणगीच्या तळाला घासली. देवजींनी आत वाकून दोन्ही हातांनी झाडून होतं ते सगळं त्याच्या गोणीत घातलं.

जैतूने वाकून कणगीत पाहिलं. "आन घराला?" तो म्हणाला. त्याने आपल्या गोणीत हात घातला, ओंजळ भरली आणि कणगीवर धरली. मागून दुसराही सरसावला.

"आज नको," धोंडूबाई म्हणाली. ती भिंतीला धरत उठली, निरांजन लावून घेऊन आली आणि रिकाम्या कणगीसमोर ठेवलं. मग जैतूचा हात बाजूला करत म्हणाली, "उंद्या घेऊन ये. आज रिकामीच ऱ्हाऊ दे. सगल्यांनी बघू दे."